नाताळचें तबक

डिसेंबरचा अंक वाचकांच्या हातीं पडतो तेव्हां हवेंत गारवा आलेला असतो, आणि मिठाईच्या दुकानांपासून पुस्तकांच्या दुकानांपर्यंत सर्वत्र लाल-हिरव्या कागदांत गुंडाळलेल्या भेटवस्तूंची आरास लागलेली असते. ज्या घरांत नाताळ हा सण नाहीं त्या घरांतलीं मुलेंहि शाळेंतून येतांना नाताळचीं गाणीं गुणगुणत येतात आणि आईजवळ केकचा हट्ट धरतात. कांहीं वडील मंडळींना हें रुचत नाहीं; कांहींना त्यांत वावगें असें कांहीं वाटत नाहीं. त्या वादांत पडण्याचें आम्हांस आज प्रयोजन नाहीं. दुकानांतला नाताळ क्षणभर बाजूला ठेवावा, आणि जो नाताळ शेंकडों वर्षें आपल्याच कोंकणपट्टींत, आपल्याच नारळ-तांदुळानें, घरांतल्या माणसांच्या हातांनीं होत आला आहे त्याची थोडी ओळख करून घ्यावी. त्यांतून आपल्या घरासाठीं उचलण्यासारखें कांहीं असेल तर तें उचलावें, एवढाच या महिन्याच्या लेखाचा हेतु आहे.

'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. जन्माचा दिवस असा त्याचा भावार्थ. या सणाच्या फराळाला गोव्यांत 'कोंसुआद' आणि मंगळुराकडे 'कुस्वार' म्हणतात, आणि दोन्हींचें मूळ एकाच पोर्तुगीज शब्दांत आहे असें मानतात. त्या मूळ शब्दाला दोन अर्थ आहेत : नाताळच्या आदल्या रात्रीं कुटुंबानें मिळून केलेलें जेवण हा एक, आणि नाताळनिमित्त दिलेली भेट हा दुसरा. खाणें आणि देणें हीं एकाच शब्दांत बांधलेलीं असावींत हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. हा फराळ घरीं खाल्ला जातो हें खरें; पण त्याचें खरें स्थान डब्यांत नसून तबकांत असतें. सुईनें विणलेल्या शुभ्र रुमालाखालीं झांकून तें तबक शेजारीं जातें, सोयऱ्यांकडे जातें, आणि ज्या घरीं नाताळ नाहीं तेथेंहि जातें.

तबकावरचा रुमाल बाजूला केला तर आंत काय दिसतें ? प्रथम दिसतात त्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच. त्यांच्या शेजारीं कलकल : मैद्याचे लहान लहान शंखासारखे वळून तळलेले तुकडे, आपल्या शंकरपाळ्यांचे जवळचे आप्त. मग चण्याचें दोस : हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, साखर व नारळ घालून आटवलेली वडी. आपलें पुरण चुलीवर आणखी बराच वेळ राहिलें असतें तर त्याचें जें झालें असतें, तेंच हें. दोदोल हा तांदळाचें पीठ, नारळाचें दूध आणि माडाचा काळा गूळ यांचा हलव्यासारखा मऊ पदार्थ. श्रीलंका, मलेशिया आणि इंडोनेशिया या देशांतहि तो याच नांवानें ओळखला जातो. पेराद ही पिकलेल्या पेरूच्या गराची वडी. यांखेरीज अंडें घालून केलेले पदार्थ असतात, आणि त्यांत मान बेबिंकेचा. अंड्यांचा पिवळा बलक, नारळाचें दूध, साखर, मैदा व तूप यांचें मिश्रण थोडें थोडें ओतून, वरून आंच देऊन ही भाजतात. एक थर नीट भाजल्याशिवाय दुसरा ओततां येत नाहीं. म्हणून बेबिंका करावयास बसलेल्या बाईला त्या दिवशीं दुसरें काम सांगूं नये. २०२३ सालीं गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकनहि मिळालें.

या एका तबकांत दोन संसार शेजारीं शेजारीं बसले आहेत हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेलच. १५१० सालीं पोर्तुगिजांनीं गोवें घेतलें आणि त्याच शतकांत तिसवाडी, बारदेश व साष्टी या भागांतलीं पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडल्यास, तेथें इन्क्विझिशनचें धर्मन्यायालय होतें. १७३६ सालच्या हुकमानें त्यानें नवख्रिस्ती घरांतल्या पेहेरावापासून लग्नविधींपर्यंत कितीतरी जुन्या चालींवर बंदी घातली. अंगणांतली तुळस आणि पुरुषांचें धोतर हींहि त्या बंदींतून सुटलीं नाहींत. पण करंजी राहिली. नारळ खोवण्याची, पुरण वाटण्याची, वड्या थापण्याची हातांची संवय कोणत्याहि हुकमाला सहजासहजीं मोडतां येत नाहीं. उलट समुद्रापलीकडून आलेला पेरू त्याच विळीवर चिरला गेला आणि बेबिंकेंतसुद्धां नारळाचें दूध शिरलें. स्वयंपाकघर हें घरांतलें सर्वांत जुनें दप्तर आहे असें आम्हांस म्हणावेसें वाटतें, तें यासाठींच.

आणि ही गोष्ट एकट्या गोव्याची नाहीं. वसईच्या उत्तरेकडील गांवांत राहणारा कुपारी ख्रिस्ती समाज सामवेदी ही मराठीचीच बोली बोलतो आणि आपलें मूळ सामवेदी ब्राह्मणांत सांगतो. त्याच परिसरांत हिंदु सामवेदी ब्राह्मणांचीं घरेंहि आहेत. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, या भागांतल्या मराठी ख्रिस्ती घरांत तर नाताळचा फराळ म्हणजे लाडू, करंज्या, चकल्या आणि शेव. तेव्हां नाताळ हा सण आमचा नव्हे असें जें घर म्हणतें त्याचें म्हणणें खरें असलें, तरी नाताळचें तबक हें परक्या मुलखांतून आलेलें आहे असें त्यास म्हणतां येणार नाहीं.

आतां हातांकडे वळूं. या तबकांत आम्हांस सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो बेबिंकेचा थाट नव्हे. तो साधा कलकल. हा एकट्यानें करावयाचा पदार्थच नाहीं. अर्धा किलो मैद्याचे शेंकडों कलकल होतात, आणि त्यांतला प्रत्येक बोटांनीं स्वतंत्र वळावा लागतो. एकट्या गृहिणीनें तें काम अंगावर घेतलें तर तिची पाठ मोडेल. आठ माणसें बसलीं तर गप्पांच्या ओघांत पीठ केव्हां संपलें हें कळतहि नाहीं. म्हणून नाताळपूर्वींच्या एखाद्या संध्याकाळीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारें घर टेबलाभोंवतीं नाहींतर चटईवर बसतें. कोणाच्या हातीं काट्याचा चमचा, कोणाच्या हातीं नवी कोरी फणी. पांच वर्षांच्या मुलाचा कलकल वाकडा होतो, ऐंशी वर्षांच्या आजीचा थरथरत्या हातानें जरा सैल होतो. पण तबकांत दोन्ही जातात, आणि घेणारा त्यांतून कोणता कोणाचा हें ओळखण्याचा खेळ करतो. कौशल्य थोडें आणि हात पुष्कळ मागणारा असा पदार्थ एकत्र कुटुंबासाठींच जन्माला आला असावा.

ज्यांना करून पाहावयाचे असतील त्यांनीं अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १२५ ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ एकत्र करावें. त्यांत ५० ग्रॅम पातळ केलेलें तूप चोळून घ्यावें, आणि एका नारळाचें दाट दूध काढून तें लागेल तसें घालीत पुरीच्या पिठाइतकें घट्ट पीठ मळावें. ओल्या फडक्याखालीं तें अर्धा-पाऊण तास ठेवावें, म्हणजे रवा फुगतो. मग लहान बोराएवढी गोळी घेऊन, तुपाचा हात फिरवलेल्या फणीवर अथवा काट्याच्या पाठीवर आंगठ्यानें दाबून पसरावी, आणि एका कडेपासून गुंडाळीत आणावी. वर आपोआप रेघा उमटतात. शेवटची कड नीट दाबावी, नाहींतर कढईंत पडतांच कलकल उलगडतो. तळणें मंद आंचेवर असावें. पिठांत साखर असल्यामुळें मोठ्या आंचेवर ते वरून लवकर लाल होतात आणि आंत कच्चे राहतात. अधिक गोड हवे असल्यास साखरेचा पक्का पाक करून त्यांत घोळवावे, म्हणजे त्यांवर पांढरा थर बसतो. पूर्ण निवल्यावर घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावे. पुष्कळ ख्रिस्ती घरांत यांत अंडें घालतात. न घातल्यानें पदार्थास कांहीं उणेपणा येत नाहीं.

चण्याचें दोस करण्यासाठीं अर्धा किलो हरभऱ्याची डाळ चार-पांच तास भिजवून मऊ शिजवावी, पाणी पूर्ण निथळूं द्यावें आणि डाळ बारीक वाटावी. तिच्या जोडीला अर्धा किलो साखर आणि एका नारळाचें बारीक वाटलेलें खोबरें घेऊन सर्व मिश्रण जाड बुडाच्या भांड्यांत मंद आंचेवर ढवळीत राहावें. गोळा भांड्याची कड सोडूं लागला कीं दोन-तीन चमचे तूप व वेलदोड्याची पूड घालावी, आणि तूप लावलेल्या थाळींत थापून शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडाव्या. ज्यांच्या हाताला पुरणाची संवय आहे त्यांना यांत नवें शिकावें लागणार नाहीं. फक्त धीर थोडा अधिक धरावा लागेल.

पेरादीची कृति याहून सोपी. पिकलेले पेरू चिरून थोड्या पाण्यांत शिजवावे आणि चाळणीवर घांसून बिया काढून टाकाव्या. गर वजन करून तितकीच साखर घ्यावी, एका लिंबाचा रस घालावा आणि घट्ट होईपर्यंत आटवावें. पेरूंत पेक्टिन नांवाचें द्रव्य विपुल असतें; साखर आणि लिंबाचें आम्ल यांच्या संगतीनें तें जमून येतें, म्हणून वडी धरण्यासाठीं दुसरें कांहींच घालावें लागत नाहीं. मिश्रण आटूं लागलें कीं त्याचे चटके देणारे शिंतोडे उडतात. तेव्हां लांब दांड्याचा डाव घ्यावा आणि मुलांना त्या वेळीं चुलीपासून दूर ठेवावें.

दोदोलाची गोष्ट निराळी. तें मिश्रण कढईंत पडल्यापासून उतरेपर्यंत हात थांबवतां येत नाहीं. दोन-अडीच तास अखंड ढवळावें लागतें, आणि शेवटीं शेवटीं तें इतकें जड होतें कीं डाव ओढण्यास दंडाचें बळ लागतें. म्हणून पाळ्या लावाव्या लागतात, आणि येथें घरांतल्या पुरुषांना उठावेंच लागतें. हें सांगण्यांत आमचा हेतु आहे. आपल्याकडे दिवाळीचा फराळ हें पुष्कळ घरांत अजून एकट्या स्त्रीचें काम आहे. ती रात्रीं बारापर्यंत चकल्या तळते, आणि सकाळीं मंडळी ताट पुढें ओढून 'यंदा जरा कडक झाल्या' असा अभिप्राय देतात. हातानें केलेल्या वस्तूंचें कौतुक करणारे लेख लिहिणें सोपें आहे. पण ते हात कोणाचे, हा प्रश्न ज्या कौतुकांत विचारला जात नाहीं तें कौतुक आम्हांस मान्य नाहीं. घरांतल्या एकाच जोडी हातांनीं केलेल्या दहा पदार्थांपेक्षां दहा जोडी हातांनीं केलेला एक पदार्थ अधिक घरचा असतो, असें आमचें मत आहे.

मुलांना पिठाचा कंटाळा आला तर त्यांच्यासाठीं या सणांत दुसरीं कामेंहि आहेत. नाताळला दारांत जो तारा टांगतात तो मूळचा बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा. आपल्या आकाशकंदिलाचाच तो भाऊ. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्या. पांचांचा एक असे दोन पांचटोंकी तारे बांधावे, ते एकावर एक ठेवून पांचहि टोकें दोऱ्यानें जखडावींत, आणि आंतल्या बाजूस जेथें कामट्या एकमेकींना छेदतात त्या पांच ठिकाणीं दोन ताऱ्यांच्या मध्यें वीतभर लांबीच्या पांच काड्या बसवाव्या. म्हणजे तारा फुगून उभा राहतो. वरून कागद चिकटवावा. पूर्वीं आंत पणती किंवा मेणबत्ती ठेवीत आणि वाऱ्याच्या झुळुकेसरशी कागद पेट घेत असे. आतांच्या लहान एलईडी दिव्यांनीं ती भीति बरीच कमी केली आहे.

ख्रिस्तजन्माचा देखावा म्हणून जो गोठा मांडतात त्याची प्रथा इटलींतील ग्रेच्चो या गांवीं १२२३ सालीं असिसीच्या संत फ्रान्सिसानें मांडलेल्या देखाव्यापासून रूढ झाली असें सांगतात. गोव्यांत त्या गोठ्यापुढें हिरवळ हवी म्हणून डिसेंबरच्या आरंभीं पसरट भांड्यांत माती घालून नाचणी पेरतात. चोवीस तारखेपर्यंत तिचे कोंवळे कोंभ बोट-दोन बोटें वर येतात. आपल्या घटस्थापनेच्या रुजवणाची आठवण ज्याला हें ऐकून होणार नाहीं असा वाचक विरळा. घरीं गोठा मांडावयाचा नसला तरी मुलाच्या हातानें एका तबकडींत नाचणी पेरवून, रोज पाणी घालवून, ती हिरवी तबकडी शेजारच्या ख्रिस्ती घरीं गोठ्यासाठीं नेऊन देण्यास काय हरकत आहे ? पैशानें विकत न मिळणारी अशी ती भेट होईल.

येथें कोणी वाचकभगिनी म्हणेल कीं, हें सर्व बोलावयास गोड आहे; पण नोकरी, प्रवास आणि मुलांच्या परीक्षा यांतून वेळ कोणाला आहे ? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. वेळेची ही टंचाई नवीहि नाहीं. १८४३ सालीं लंडनमध्यें हेन्री कोल या गृहस्थास नाताळच्या इतक्या पत्रांना उत्तरें द्यावयाचीं होतीं कीं त्यानें हॉर्स्ली नांवाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतलें आणि त्याच्या सुमारें हजार प्रती छापून घेतल्या. उरलेल्या प्रती एक-एक शिलिंगास विकल्या गेल्या. नाताळचें पहिलें छापील शुभेच्छापत्र म्हणून जें प्रसिद्ध आहे तें हेंच. म्हणजे छापील भेटीचा जन्मच मुळीं वेळ नसल्यामुळें झाला. त्या चित्रांत एक गमतीची गोष्ट आहे. मध्यभागीं एकत्र बसलेलें भरलें कुटुंब दाखविलें आहे, आणि दोन्ही बाजूंस गरिबांना अन्न-वस्त्र देण्याचीं दृश्यें आहेत. ज्या एकत्र बसण्याला आणि ज्या देण्याला वेळ उरला नव्हता त्याचेंच चित्र विकावें लागलें !

तेव्हां वेळ नाहीं हें मान्य करूनच आमचें सांगणें आहे कीं, सगळें करूं नये, एकच करावें. दहा पदार्थांचें तबक हें घराच्या ऐपतीचें प्रदर्शन होतें, एका पदार्थाचें तबक ही घराची भेट होते. एका रविवारची संध्याकाळ राखून ठेवावी, घरांतल्या प्रत्येकानें, नोकरीवरून दमून आलेल्या मुलानें आणि सासऱ्यांनींहि, अर्धा तास बसून पन्नास कलकल वळावे, आणि तेवढेच शेजाऱ्यांस द्यावे. उरलेलें विकत आणण्यास आमची ना नाहीं.

आतां शेवटचा आणि सर्वांत नाजुक प्रश्न : आपल्या दारीं आलेल्या तबकाचा. ख्रिस्ती शेजारीण प्रेमानें तबक घेऊन येते. आपण हंसून तें घेतों, आभार मानतों, आणि ती जिना उतरून जातांच तबक जसेंच्या तसें मोलकरणीच्या हातीं देतों. असें करणारीं घरें एकेकाळीं पुष्कळ होतीं आणि आजहि तीं सर्वस्वीं नाहींशीं झालेलीं नाहींत. अन्न वायां गेलें नाहीं एवढेंच समाधान मानावयाचें असेल तर गोष्ट वेगळी. पण देणारीच्या घरच्या आठ माणसांनीं जें आपल्यासाठीं वळलें त्याचें आपण काय केलें? आणि मोलकरणीला आपण जें खात नाहीं तें देऊन तिचा तरी कोणता मान राखला ?

ज्या घरांत अंडें वर्ज्य आहे त्या घराच्या नियमाचा आम्ही आदर करतों. नियम असणें हा अपराध नाहीं. तो लपविणें मात्र भेटीशीं केलेली प्रतारणा आहे. शेजाऱ्यांशीं इतका स्नेह असेल कीं तबक येतें, तर इतकाहि असावा कीं 'आमच्याकडे अंडें चालत नाहीं, पण तुमची पेराद आणि दोस आम्ही आवडीनें खाऊं' असें मोकळेपणीं सांगतां यावें. हें वाक्य ऐकून कोणतीहि सुज्ञ गृहिणी रागावणार नाहीं. उलट पुढच्या वर्षीं ती त्या घरचें तबक निराळें मांडील. वर सांगितलेल्या पदार्थांपैकीं निम्म्याहून अधिक अंड्यावांचून होतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पण जेथें हरकत अंड्याची नसून हाताची असते, तेथें मात्र आम्ही स्पष्ट बोलूं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं आणि आपल्या घराघरांतून वाचलीं गेलीं. कडक सोंवळ्याच्या घरांत वाढलेल्या त्या बाईच्या मनांतून दुसऱ्याच्या हातच्या अन्नपाण्याचा विटाळ कसा पायरीपायरीनें गेला, हें त्यांनीं कोणताहि आव न आणतां सांगितलें आहे. तें पुस्तक कपाटांत मानानें ठेवावयाचें आणि शेजारणीचें तबक मात्र मागच्या दारानें बाहेर काढावयाचें, हा विसंवाद घरांतल्या मुलांच्या नजरेंतून सुटत नाहीं. शिवाय ज्यास आपण आपलें सोंवळ्याचें फराळाचें ताट म्हणतों त्याकडे एकदां नीट पाहावें. एकादशीचा बटाटा, रताळें, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंद, हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतलीं. यांतलीं बरींचशीं पोर्तुगीज गलबतांच्या मार्गानेंच आपल्या किनाऱ्यास लागलीं. पेरूचें तर नांवसुद्धां पोर्तुगीज भाषेंतल्या नासपतीच्या नांवावरून आलें असें मानतात. ज्या शिडांच्या वाऱ्यानें आपला उपास समृद्ध केला, त्याच वाऱ्यानें आलेल्या पेरादीला दारांत अडवावयाचें, याला धर्म म्हणणें कठीण आहे.

राहतां राहिलें तबक परत करणें. आलेलें भांडें रिकामें पाठवूं नये हा आपल्या घरांतला जुना पाठ. आजीनें तो कधीं समजावून सांगितला नाहीं, फक्त धुतलेल्या वाटींत दोन लाडू ठेवून दाखविला. नाताळचें तबक आलें म्हणून दुसऱ्याच दिवशीं दुकानांतून मिठाईचा पुडा आणून तें घाईनें परत करणें म्हणजे उसनें फेडणें झालें. त्यापेक्षां पंचांगाकडे पाहावें. नाताळनंतर अवघ्या वीस-एकवीस दिवसांनीं, जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेस, संक्रांत येते. तितके दिवस तबक आपल्या घरीं खुशाल राहूं द्यावें. संक्रांतीचा कांटेरी हलवा घरीं करणारीं माणसें आतां थोडीं राहिलीं आहेत. मंद आंचेवरच्या परातींत खसखस किंवा तीळ घेऊन, चमचा-चमचा पाक सोडीत, बोटांनीं हलवीत बसावें लागतें. एका दिवसांत तो पुरा होत नाहीं, आणि कांटा फुलावयास थंडी आणि चिकाटी दोन्ही लागतात. दोदोलाच्या ढवळण्याला शोभेल असें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांत असेल तर तें हेंच. रोज रात्रीं जेवणानंतर पाळीपाळीनें घरांतल्या एकेकानें अर्धा तास परातीजवळ बसावें. आजोबांनीं बसावें, कॉलेजांत जाणाऱ्या नातवानेंहि बसावें.

आणि मग संक्रांतीच्या संध्याकाळीं, त्याच विणलेल्या रुमालाखालीं, त्याच तबकांत तो हलवा आणि तिळगूळ घालून घरांतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातीं शेजारीं पाठवावा. हलव्याला कांटा नीट आला नसला तरी पाठवावा. कोणता दाणा कोणाच्या हातचा हें ओळखण्याचा खेळ त्या घरालाहि ठाऊक आहे.